नाव तेच, माणसं दुसरी

(वसमत येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. गाणारी-नाचणारी एखादी मंडळी असते. तिचं एक नाव होतं, लोक त्या नावावर तिकीट काढतात. पुढे त्यातली माणसं जातात. कोणी भांडून जातं, कोणी मरून जातं. त्यांच्या जागी दुसरी येतात आणि पाटीवर नाव मात्र तेच राहतं. मग आपण जे ऐकतो ते 'तेच' असतं का? आणि नसेल, तर आपली फसवणूक झाली का? हे दोन प्रश्न घेऊन मी उभा आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गाणं नाही. त्यामुळे सुरांच्या बारकाव्यात अधिकार सांगणार नाही. पण 'तेच' या शब्दाचा अर्थ काय, हा आमच्या दुकानातला माल आहे, तो मी उघडून दाखवतो.

आपल्या गावापासूनच सुरुवात करू. १९४८ पर्यंत वसमत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. जिल्हा परभणी. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा जिल्हाही बदलला. राजा बदलला, राज्य बदललं, कचेरी बदलली, आणि माणसं तर दर पिढीला बदलतातच. तरी हळदीची पोती घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला विचारा, "कुठं निघालात?" तो म्हणतो, "वसमतला." त्याला एक क्षणही शंका येत नाही. म्हणजे सगळं बदलूनही 'तेच' म्हणायला काहीतरी आधार असला पाहिजे. तो कोणता, एवढंच शोधायचं आहे.

ग्रीक लेखक प्लुटार्कनं एका जहाजाची गोष्ट सांगितली आहे. थीसियस या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की ती काढायची, नवी बसवायची. असं करता करता सगळ्या फळ्या बदलल्या. आता हे जहाज थीसियसचं म्हणायचं का? सतराव्या शतकात हॉब्जनं यात आणखी एक गाठ मारून ठेवली. तो म्हणाला, समजा एका माणसानं त्या काढलेल्या जुन्या फळ्या सगळ्या गोळा केल्या आणि त्याच क्रमानं जोडून दुसरं जहाज उभं केलं. आता दोन जहाजं झाली. खरं कोणतं? ही दुसरी गाठ लक्षात ठेवा. नाटक मंडळ्यांच्या इतिहासात ती जशीच्या तशी घडलेली आहे.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षू विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग नागसेन सांगतो की 'रथ' हे व्यवहारासाठी ठेवलेलं नाव आहे. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. धाग्यांहून कापड ही निराळी वस्तू आहे. बौद्ध म्हणतात, धागे काढून घ्या आणि मला कापड दाखवा. शेकडो वर्षं हे चाललं. आपण आज कापड आणि रथ बाजूला ठेवू आणि नाटक कंपनी घेऊ.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले. संच बघा. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब, दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, कण्व बाळकोबा नाटेकर आणि शकुंतला शंकरराव मुजुमदार. अवघ्या दोन वर्षांत पहिला बदल झाला. बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले, ज्यांना लोक प्रेमानं 'भावड्या' म्हणत. त्यांचा आवाज ऐकल्यावर शकुंतला त्यांच्याकडे गेली. आणि मुजुमदार? ते रुसून निघून गेले नाहीत. पुढे त्यांनी मंडळीचा कारभार सांभाळला, 'रंगभूमि' मासिक चालवलं. कंपनीची पहिली नायिका कंपनीची व्यवस्थापक झाली! (हशा) हसा, पण हे साधं नाही. ज्याच्या हातून भूमिका गेली, त्याच माणसानं मंडळी चालवली. संच बदलताना माणूस फेकून द्यावाच लागतो असं नाही, हे आपल्या संगीत रंगभूमीनं पहिल्या दोन वर्षांतच दाखवून दिलं.

१८८२ मध्ये 'सौभद्र' आलं. २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब गेले. वय अवघं बेचाळीस. ज्यानं मंडळी काढली, ज्यानं नाटकं लिहिली, ज्यानं चाली बांधल्या, तोच पाच वर्षांत गेला. 'रामराज्यवियोग' अर्धं राहिलं. आता इथे मंडळी मोडायला हवी होती. मोडली नाही. १८९९ मध्ये देवलांचं 'शारदा' याच मंडळीनं केलं. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. तरी मंडळी उभी. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. तेच आपले बालगंधर्व. १९११ मध्ये खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. तीस वर्षांत संस्थापक गेला, पहिली नायिका गेली, दुसरी गेली, तिसरी आली, आणि प्रेक्षक म्हणत राहिला, "किर्लोस्कर कंपनी आली."

हे कशामुळे शक्य झालं? माझं उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग तालमीचा. या मंडळीत भूमिका ही एका माणसाची मालमत्ता नव्हती, ती शिकवायची वस्तू होती. गोविंद बल्लाळ देवल स्वतः अण्णासाहेबांच्या हाताखाली तयार झाले, आणि पुढे तेच तालीममास्तर होऊन नव्या पोरांना तयार करत बसले. नटाच्या हातात त्याच्या भूमिकेचे कागद देत, त्याला 'नक्कल' म्हणत. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपण नक्कल म्हणजे खोटी प्रत असं समजतो. नाटकवाल्यांच्या भाषेत नक्कल म्हणजे तुझ्यावर सोपवलेलं काम. ती आधी दुसऱ्याच्या हातात होती, आज तुझ्या हातात आहे, उद्या तिसऱ्याच्या हातात जाईल.

दुसरा भाग चालींचा आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीनं मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अण्णासाहेबांनी चाली कुठून घेतल्या? साकी, दिंडी, कामदा ही कीर्तनातली आणि आख्यानातली वृत्तं. लावणीच्या चाली. कानडी मुलखातल्या चाली. या चाली लोकांच्या कानात आधीच होत्या. साध्या, बांधेसूद. गायक त्यात आपली जागा घेऊ शकतो, पण न घेतली तरी चाल पडत नाही. 'जागा' हा शब्दही बघा. गाण्यातली जागा आणि बसायची जागा, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. अण्णासाहेबांच्या चालीत नव्या माणसाला बसायला जागा होती. भाऊराव त्यात बसू शकले, नंतरचे बसू शकले, आणि गावोगावच्या हौशी मंडळींतला एखादा शाळामास्तरसुद्धा बसू शकला.

आता 'मानापमान'कडे या. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पेटीवादक, मैफलीत मुरलेले. त्यांनी ख्याल, ठुमरी, पूरबी ढंग रंगभूमीवर आणला. पदं भरदार झाली, गाणं खुललं. पण त्याच वेळी एक गोष्ट घडली. चाल जितकी गळ्यावर अवलंबून, तितकी ती दुसऱ्याला देणं अवघड. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्या तर बालगंधर्वांच्या गळ्याचं माप घेऊनच शिवलेल्या. दुसऱ्यानं घातल्या की कुठेतरी उसवतात.

मधल्या काळात, १९१३ मध्ये, हॉब्जची गाठ पडली होती. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघं किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे मुख्य फळ्या घेऊन दुसरं जहाज! इकडे किर्लोस्कर हे नाव, जुना लौकिक, कपडेपट, पडदे. तिकडे आवाज. खरी मंडळी कोणती? प्रेक्षकांनी उत्तर आवाजाच्या बाजूनं दिलं, हे आपल्याला माहीत आहे. पण मला किर्लोस्कर मंडळीचं पुढचं वागणं बघावंसं वाटतं. बिनीचे तीन माणसं गेल्यावरही त्यांनी दुकान बंद केलं नाही. वर्षभरात दीनानाथ मंगेशकर नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आला. १९१६ मध्ये गडकऱ्यांचं 'पुण्यप्रभाव' केलं. आणि १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे हेही बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. एकाच जहाजातून पाच वर्षांत दोन जहाजं निघाली. मला तर यात त्या मंडळीचं यश दिसतं. जी संस्था माणूस तयार करते, तिला सोडून जायलाही माणूस तयार होतो. जिथे कोणी शिकतच नाही, तिथून कोण फुटून जाणार?

आता गंधर्व मंडळीचा हिशेब करू. हे मी आदर ठेवूनच बोलतो. बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल मी काय सांगणार? तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, असा थाट पुन्हा झाला नाही. पण संच म्हणून बघितलं तर काय दिसतं? नायक बदलत राहिले. टेंबे थोड्याच वर्षांत गेले. बोडस गेले. पुढे विनायकबुवा पटवर्धन आले, दहाएक वर्षं राहिले, तेही गेले. नायिका मात्र कित्येक वर्षं एकच. सगळी फिरती माणसं एका न हलणाऱ्या खांबाभोवती. त्या खांबाची नक्कल दुसऱ्याच्या हातात देण्याची सोयच नव्हती. मंडळीवर कर्ज झालं, बोलपट आले, १९३५ च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व पडद्यावर गेले. नंतर मंडळी पुन्हा उभी करण्याची धडपड झाली, गोहरबाई कर्नाटकी आल्या, पण वैभव परतलं नाही. बोलपट, कर्ज, खर्चीक थाट ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरी आहेत. मी त्यात एक कारण घालतो. गळा आणि मंडळी एकच झाल्या होत्या. गळ्याला वय येतं. मंडळीला वय येऊ द्यायचं नसेल, तर तिला गळ्यापासून थोडं वेगळं ठेवावं लागतं.

बोडसांचं 'माझी भूमिका' आणि कोल्हटकरांचं 'बहुरूपी' ही आत्मचरित्रं मिळाली तर वाचा. नट स्वतःबद्दल लिहितो तेव्हा पानापानावर दुसऱ्याच नटांची नावं येतात. कोणी कोणाच्या जागी उभं राहिलं, कोणी कोणाला काय शिकवलं. मंडळी म्हणजे काय हे तिथे कळतं.

आता मी तुम्हाला थोडं लांब नेतो, जर्मनीत. का, ते कळेल. तुमच्यातल्या तरुणांनी वरातीत डीजेवर एक प्रकारचं गाणं ऐकलं असेल. मिनिटाला साधारण १३० ठोके, मध्ये एक बाई उंच आवाजात धृपद म्हणते, आणि अधूनमधून एक पुरुष भरभर बोलल्यासारखं म्हणतो. या घाटाला 'युरोडान्स' म्हणतात. नव्वदच्या दशकात त्याची लाट होती आणि त्यातला मोठा कारखाना जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या परिसरात होता. मी मुद्दाम कारखाना म्हणतो.

त्यातलं एक नाव 'कल्चर बीट'. १९८९ मध्ये टॉर्स्टन फेन्सलाऊ नावाच्या तरुण डीजेनं ते काढलं. तो स्वतः गायक नव्हे. तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून गाणं घडवणारा. पहिल्या संग्रहात लाना अर्ल नावाची गायिका होती. दुसऱ्या संग्रहात तिच्या जागी टानिया एव्हान्स आली आणि सोबतीला जे सुप्रीम हा रॅप म्हणणारा. १९९३ मध्ये 'मिस्टर व्हेन' हे गाणं आलं, ते जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फेन्सलाऊ मोटार अपघातात वारला. वय एकोणतीस. अण्णासाहेब आठवले का? संस्थापक ऐन बहरात गेला.

पुढे काय झालं? त्याच्या भावानं, फ्रँक फेन्सलाऊनं, सूत्रं हातात घेतली. मंडळी चालू राहिली. १९९७ मध्ये टानिया आणि जे सुप्रीम दोघंही गेले. १९९८ मध्ये किम सँडर्स ही नवी गायिका घेऊन एक संग्रह काढला. त्याचं नाव होतं 'मेटामॉर्फोसिस', म्हणजे रूपांतर. नावातच कबुली! त्यात गाण्याचा घाटही मवाळ केला. माझ्या मते घोटाळा तिथे झाला. माणूस बदलला तर चाल धरून ठेवायची, चाल बदलायची तर माणूस धरून ठेवायचा. दोन्ही एकदम बदललं की ऐकणाऱ्याला ओळखीची खूण उरत नाही. 'सोऽयं देवदत्तः', हा तोच देवदत्त, असं म्हणायला आमच्या शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात. त्यासाठी काल पाहिलेलं काहीतरी आज पुन्हा दिसावं लागतं. हे त्यांनाही कळलं असावं. कारण २००३ मध्ये त्यांनी जॅकी सँगस्टर या आणखी नव्या गायिकेच्या आवाजात तेच जुनं 'मिस्टर व्हेन' पुन्हा मुद्रित केलं. नवा गळा, जुनी चाल.

तुम्ही म्हणाल, मग हे किर्लोस्कर कंपनीसारखंच झालं. दिसायला तसंच, पण एक मोठा फरक आहे. किर्लोस्कर मंडळीतला नवा नट ज्या भूमिकेत उभा राहायचा, ती भूमिका आधीच्या माणसाबरोबर रंगमंचावरून गेलेली असायची. त्याला ती स्वतः पुन्हा उभी करावी लागे. कल्चर बीटमध्ये जुनी गायिका गेली तरी तिचा आवाज गेला नाही. तो फितीवर आहे, रेडिओवर आहे, वरातीतल्या डीजेवर आहे. नव्या बाईला रोज जुन्या बाईच्या ध्वनिमुद्रणाशी झुंजावं लागतं. आणि ज्यानं हे सगळं घडवलं तो पडद्यामागे. नाव त्याच्या मालकीचं. गळा भाड्याचा.

याचं टोक बघायचं असेल तर त्याच जर्मनीतला आधीचा गडी घ्या, फ्रँक फारियन. १९७६ पासून 'बोनी एम'ची गाणी गाजली. तिथला बॉबी फॅरेल मंचावर तुफान नाचायचा, आणि ध्वनिमुद्रिकेवरचा पुरुषी आवाज होता स्वतः फारियनचा! चार माणसं दिसायची, त्यांतल्या दोन बायकांचेच आवाज मुद्रणात होते. पुढे प्रत्येकानं आपापला 'बोनी एम' घेऊन गावोगाव कार्यक्रम केले. हॉब्जनं दोन जहाजं कल्पिली होती, इथे तीन-चार झाली. आणि 'मिली व्हॅनिली' तर ठाऊकच असेल. दोन देखणे तरुण, अमेरिकेचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं, आणि १९९० मध्ये बाहेर आलं की एकही ओळ त्यांनी गायलेली नाही. पारितोषिक परत घेतलं.

मला त्या दोन पोरांची कीव येते. जगानं त्यांना लबाड ठरवलं. पण विचार करा. आपल्या रंगभूमीवर पुरुष शकुंतला व्हायचा, आणि कोणी त्याला लबाड म्हणालं नाही. का? तिथे काय सोंग आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं, आणि गळा त्याचाच होता. सोंग उघड असलं की ती कला होते. लपवलं की फसवणूक. तेव्हा दुसरी माणसं आणणं ही फसवणूक नाही. कोण गातंय हे लपवणं, ही फसवणूक आहे. सुरुवातीला विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो, 'तेच' म्हणजे काय. एक भूमिका घेऊ. 'मानापमान'मधला धैर्यधर. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. १९११ मध्ये नाटक आलं आणि त्याच वर्षी जोगळेकर वारले. मग चाली ज्यांनी दिल्या ते टेंबे स्वतः धैर्यधर झाले. पुढे केशवराव भोसले. त्यांचा चपळ, तेजस्वी गळा. पुढे दीनानाथ. त्यांनी तर काही पदांची वळणंच बदलून टाकली, आक्रमक, झेपावणारी. चार माणसं, चार धैर्यधर. आणि तरीही प्रेक्षक 'धैर्यधर' म्हणून त्यांची तुलना करत होता. तुलना होते याचा अर्थच हा की मध्ये काहीतरी एक आहे. तो जोगळेकरांचा आवाज नव्हे, टेंब्यांचा नव्हे. ती एक जागा आहे. प्रत्येकानं ती वेगळी भरली.

८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रात्री एका रंगमंचावर. त्या रात्री नाटक कोणत्या कंपनीचं होतं? दोघांचंही, आणि दोघांचंही नाही. ज्या किर्लोस्कर मंडळीत ते पहिल्यांदा बसवलं गेलं, तिचं नाव त्या रात्री पाटीवर नव्हतं, पण तिची तालीम मंचावर होती. मला विचाराल तर किर्लोस्कर मंडळीचा तो मोठा प्रयोग होता.

त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव वारले. वय एकतीस. त्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श काढली होती. आता याही मंडळीचा खांब गेला. इथे काय झालं ते बघण्यासारखं आहे. बापूराव पेंढारकरांनी मंडळी हातात घेतली. त्यांनी केशवरावांची छबी घेऊन गावोगाव फिरणं पत्करलं नाही. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' केलं. नवा विषय. नेपथ्यात पु. श्री. काळ्यांसारखा माणूस. १९३७ मध्ये बापूराव गेले. मुलगा भालचंद्र पंधरा वर्षांचा. १९४२ मध्ये त्यानं वडिलांची मंडळी पुन्हा उभी केली. मग १९५७ मध्ये बाळ कोल्हटकरांचं 'दुरितांचे तिमिर जावो', १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ'. २००८ मध्ये या नावाला शंभर वर्षं झाली. तीन माणसांच्या तीन कारकिर्दी, त्यातल्या पहिल्याचं रक्ताचं नातं पुढच्या दोघांशी नाही. नाटककार बदलले, गळे बदलले, रंगमंच बदलला. एक गोष्ट राहिली. आलेल्या प्रत्येकानं आधीच्याचं कर्तव्य आपलं मानलं आणि काम मात्र स्वतःचं केलं. आणि गंमत म्हणजे याच भालचंद्र पेंढारकरांनी असंख्य नाटकांची ध्वनिमुद्रणं करून जपून ठेवली. म्हणजे फीत त्यांच्याकडेही होती. पण फितीनं त्यांच्या मंडळीची जागा घेतली नाही.

तर माझा निष्कर्ष असा. नागसेनाशी मी अर्धा सहमत आहे. मंडळी म्हणून निराळी एखादी वस्तू माणसांच्या पलीकडे कुठे बसलेली नसते. पण नैयायिकही अर्धे बरोबर आहेत. माणसांची नुसती बेरीज केली तरी मंडळी होत नाही. मंडळी असते ती देण्याघेण्यात. आधीचा नंतरच्याला काही देतो आणि नंतरचा ते घेऊन स्वतःचं करतो, तोवर नाव खरं आहे. देणारा उरला नाही की ते नाव पाटीवरचं रंगकाम होतं. मग आत जुनीच माणसं का बसलेली असेनात. आणि नुसत्या फितीवर जे चालतं ते मरत नाही हे खरं, पण त्याला वाढही नाही.

हे मी वसमतमध्ये का सांगतोय? आपल्या गावात, आसपासच्या खेड्यांत भजनी मंडळं आहेत, बँड पथकं आहेत, गणपतीतली, जयंतीतली पथकं आहेत. दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी भांडण होतं. नाव कोणाचं? ज्यानं पेटी विकत घेतली त्याचं की जो आधीपासून गातो त्याचं? दोन मंडळं होतात, दोघं म्हणतात आम्हीच मूळचे. माझं म्हणणं, हा प्रश्न पावत्या बघून सोडवू नका. एवढंच विचारा, की या दोघांपैकी कोणाकडे वीस वर्षांखालची पोरं शिकायला बसतात? नाव तिकडे द्या. आणि ऐकणाऱ्यांचंही एक कर्तव्य आहे. नवा गायक उभा राहिला की पहिल्या कडव्यालाच आपण मान हलवतो, "पहिल्यासारखं नाही राव." नसणारच. भाऊराव मुजुमदारांसारखे नव्हते, बालगंधर्व भाऊरावांसारखे नव्हते. त्या वेळच्या प्रेक्षकांनी मान हलवून घर गाठलं असतं, तर आपल्याला काय मिळालं असतं?

एवढं बोलून थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, आज कोणी 'स्वयंवर' करायचं ठरवलं तर बालगंधर्वांची गाणी ऐकून तशीच म्हणावीत, की वेगळी?

आधी तशीच म्हणा. मन लावून, हरकत न् हरकत. तालीम म्हणजे तेच. अण्णासाहेबांकडून देवल असेच शिकले असतील. पण प्रयोगाच्या दिवशी ते ध्वनिमुद्रण घरी ठेवून या. ज्या हरकतीला तुमचा श्वास पुरत नाही, ती सोडून द्या. तिथे तुम्हाला जे सुचेल ते घ्या. प्रेक्षकांतला एखादा म्हातारा नाक मुरडेल, तो बहुतेक माझ्याच वयाचा असेल. (हशा) मुरडू द्या. नक्कल तुमच्या हातात दिली आहे ना? मग ती तुमची. नंतर तुमच्याकडे कोणी शिकायला आलं, की त्याच्या हातात द्यायला विसरू नका.